छाती जळत नाही, मग ही ॲसिडिटी कशी?

प्रश्न : (सिंधुदुर्गातल्या एका ताईंच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

माझे यजमान दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करतात. वय ४७. कार्तिकात जत्रा सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्यांचा आवाज बसलेला असतो, दुपारपर्यंत जरा सुटतो. सारखं घसा खाकरणं चालू असतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणतात, पण जेवण नीट जातं. झोपले की खोकला येतो आणि उठून बसावं लागतं. उशीच्या अभ्र्यावर आंबूस वासाचे पिवळट डाग पडतात, धुऊनही जात नाहीत. खोकल्याच्या औषधाने काही फरक पडला नाही. एका डॉक्टरांनी ‘हे ॲसिडिटीचं असू शकतं’ म्हणून गोळ्या दिल्या आणि घशाच्या तज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. पण त्यांची छाती कधी जळत नाही, मग ॲसिडिटी कशी? सासूबाई पित्तासाठी रोज सोलकढी देतात. यजमान तंबाखू खातात. बीपीची गोळी चालू आहे, कंबर दुखली की पेनकिलरही घेतात. विषय काढला की म्हणतात, ‘माका काय झालेला नाय, जागरणान आवाज बसताच.’ वैशाखात हंगाम संपला की बघू, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी बोलायचं बंद करायला सांगितलं तर राजपार्ट दुसऱ्याकडे जाईल, ही खरी धास्ती. मी जबरदस्ती करू की गप्प बसू? मोबाइलवर वाचून माझ्या मनात एक वेगळीच भीती बसली आहे. ती मी घरात बोललेली नाही.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात : उशीवरचे आंबूस डाग. तुम्हाला तो धुण्याचा त्रास वाटला, मला त्यात यजमानांची अख्खी झोप दिसली. आडवं झाल्यावर पोटातलं आंबट पाणी वर येतं, घशापर्यंत पोचतं, थोडं तोंडाच्या कोपऱ्यातून उशीवर उतरतं, थोडं स्वरयंत्राला लागतं आणि माणूस खोकत उठून बसतो. नुसत्या लाळेचेही डाग पडतात, हे खरं. पण आंबूस वास, झोपल्यावर येणारा खोकला आणि सकाळी बसलेला आवाज, ही तिन्ही एकाच माणसात दिसली की ॲसिड वर येत असल्याची शंका घ्यायलाच हवी. तुमच्या डॉक्टरांनी ती घेतली आणि घसा दाखवायलाही सांगितलं. दोन्ही बरोबर.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपल्याकडे खारबंदिस्तीच्या बांधाला झडप असते. शेतातलं पाणी ती खाडीत जाऊ देते, भरतीचं खारं पाणी आत येऊ देत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं असंच एक कडं आहे. घास खाली उतरला की ते आवळून बसतं. ते वेळी-अवेळी सैल पडायला लागलं की जठरातलं ॲसिड उलटं चढतं. ॲसिड सोसायला जठराला आतून जाड चिकट थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. म्हणून बहुतेकांना छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ होते. जेवणानंतर तासाभरात सुरू होते, गळ्याकडे चढते, वाकून काम केलं किंवा आडवं झालं की वाढते. सोबत करपट ढेकर, तोंडात आंबट-कडू पाणी, कधी मळमळ. हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून आपण तेवढ्यालाच ॲसिडिटी समजतो.

पण स्वरयंत्राचं अस्तर अन्ननलिकेपेक्षाही नाजूक असतं. अन्ननलिका जेवढं निमूट सोसते, तेवढं त्याला सोसत नाही. थोडंसंच ॲसिड वरपर्यंत पोचलं, पण पुन्हा पुन्हा पोचलं, तर छाती अजिबात न जळता घसा बोलायला लागतो. सकाळी आवाज घोगरा, सतत खाकरणं, घशात गोळा असल्याची भावना, आडवं झाल्यावर कोरडा खोकला. काहींचे दात आतल्या बाजूने झिजतात आणि थंड पाण्याने शिवशिवतात. दम्याच्या माणसाचा दमा रात्री उठतो. असे रुग्ण महिनोन् महिने खोकल्याच्या बाटल्या संपवत राहतात, कारण पोटाकडे कोणाचं लक्षच जात नाही.

म्हणून माझं सांगणं असं की लक्षण कुठे आहे याच्यापेक्षा ते कधी येतं ते बघा. एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा : शेवटचा घास किती वाजता खाल्ला, आडवे किती वाजता झाले, खोकला किती वाजता आला, उठल्यावर आवाज कसा होता. ज्या दिवशी प्रयोग नव्हता आणि जेवण वेळेवर झालं, तो दिवसही लिहा. त्या दिवशी उशी कोरडी राहिली आणि आवाज मोकळा असला, तर डॉक्टरांसाठी ती मोलाची माहिती आहे. प्रयोगाच्या रात्रीचा क्रम मी कल्पनेने लिहिते, चुकत असेन तर सुधारा. खेळ सुरू होण्याआधी भरपेट जेवण. मग कमरेला घट्ट आवळलेला पट्टा आणि शेला, म्हणजे भरल्या पोटावर दाब. रात्रभर चहा, मधे जत्रेतली भजी. पोटातून जोर लावून म्हटलेली पदं आणि युद्धाचे संवाद. पहाटे खेळाच्या शेवटचा दहीकाला उरकून घरी आलं की भूक खवळलेली, म्हणून आमटी-भात, आणि हात धुऊन लगेच अंथरुणावर. भरलेलं जठर घेऊन माणूस आडवा झाला की कडं कितीही धड असलं तरी त्याची परीक्षाच असते. दशावतारी कलाकारांचं सांगितलं, पण रात्री मासेमारी करून येणारे, रात्रपाळीचे ड्रायव्हर, लग्नसराईतले वाढपी-आचारी, या सगळ्यांची गोष्ट हीच आहे.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती जिवाशी आहे. छातीतली प्रत्येक कळ ‘पित्ताची’ म्हणून सोडून देऊ नका. घाटी चढताना किंवा जड उचलताना छाती भरून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. छातीवर ओझं ठेवल्यासारखा दाब, घाम फुटणं, धाप लागणं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, असं काहीही झालं तर ॲसिडिटीचं गुलाबी औषध पाजून वाट बघत बसू नका. १०८ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे पोचा. औषधाने जरा बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असं सिद्ध होत नाही. मधुमेह असणाऱ्यांत आणि बायकांत हृदयविकाराची लक्षणं पुष्कळदा पुसट असतात, नुसती मळमळ नि अस्वस्थपणा. तुमच्या यजमानांना बीपी आहे, तंबाखू आहे. हा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आता दुसरी बाजू. ‘ॲसिडिटी असू शकते’ आणि ‘ॲसिडिटीच आहे’ यात पुष्कळ अंतर आहे, आणि घशाच्या बाबतीत ते जास्तच. हल्ली घसा खवखवला की सगळं ॲसिडच्या माथी मारायचीही पद्धत पडली आहे. तुमच्याच पत्रात मला आणखी चार कारणं दिसतात. बीपीची गोळी कोणती ते पाकिटावर बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कित्येकांना कोरडा खोकला लागतो. अम्लोडिपिनने तेच स्नायूचं कडं सैल पडू शकतं. पण एवढ्यावरून गोळी बंद करायची नाही, हे अगदी ठासून सांगते. फक्त डॉक्टरांना खोकल्याची वेळ सांगून ‘ही बदलता येईल का’ एवढं विचारायचं. पेनकिलर मेडिकलमधून आणून मनाने घेणं मात्र थांबवा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, रक्तदाबही वाढवतात. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे, म्हणजे थुंकीची तपासणी करायला हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि तपासायला सांगितलं म्हणून कोणी क्षयरोगी ठरत नाही. आणि रात्र रात्र वरच्या पट्टीत आवाज लावणाऱ्याच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, म्हणजे यजमान म्हणतात त्या जागरणातही तथ्य आहे.

आणि तुम्ही न लिहिलेली भीती. मी तिचं नाव घेते : कॅन्सर. ताई, ती भीती वेडेपणाची नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे, तंबाखू, आवाज कार्तिकापासून बसलेला, एवढं असलं की स्वरयंत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कोणालाही ‘काही नाही’ म्हणणार नाही. पण हेही सांगते की तुम्ही लिहिलेल्या खुणा ॲसिडकडे आणि आवाजाच्या ताणाकडे जास्त झुकतात. आवाज दिवसागणिक वर-खाली होतो आहे, दुपारी सुटतो आहे, घास अडकत नाही. कॅन्सरने बसलेला आवाज सहसा असा सुटत नाही, तो आठवड्याआठवड्याने आणखी बिघडत जातो. सोबत गिळताना दुखतं, मानेत गाठ लागते, एकाच कानात कळ जाते, थुंकीत रक्त दिसतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही खुणा झुकतात म्हणजे निकाल लागला असं नव्हे.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आवाज बसण्याबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतल्या दोन इथे कामाच्या आहेत. चार आठवड्यांत आवाज सुटला नाही, किंवा तंबाखूसारखं धोक्याचं कारण असलं तर त्याआधीही, स्वरयंत्र बघा. आणि ते न बघता नुसत्या बसलेल्या आवाजावर ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू करू नका. तुमच्या यजमानांना खोकला आणि उशीवरच्या डागांचीही साथ आहे, त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या यात गैर नाही. पण दुसरी पायरी राहिली आहे.

ती पायरी अवघड नाही, आणि इथेच यजमानांचा गैरसमज आहे असं मला वाटतं. ‘दुर्बीण’ म्हटलं की लोकांना पोटात उतरवायची लांब नळी आठवते. घशाची तपासणी वेगळी. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा आरशाने स्वरतंतू बघतात, काही मिनिटांत होते, भूल द्यावी लागत नाही, फार तर नाकात बधिर करायचा फवारा मारतात. माणूस संध्याकाळी रंगपटात बसून रंग लावू शकतो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी फोनवर विचारून घ्या. दक्षिणेकडच्या तालुक्यांतली मंडळी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तोही रस्ता आहे. पोटाच्या दुर्बिणीची गरज वेगळ्या खुणांनी ठरते : घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शी, तपासणीत रक्त कमी निघणं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचं. अशी खूण दिसली तर घरगुती उपाय तिथेच थांबवायचे.

सोलकढीबद्दल लिहायला मला जरा जड जातं, कारण सासूबाई ती प्रेमाने करतात आणि आमसुलांवर माझंही प्रेम आहे. पण कोकम आंबट आहे आणि नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर. आधीच लाल झालेल्या अन्ननलिकेला आंबट झोंबू शकतं, आणि स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. पहाटे जेवणावर वाटीभर सोलकढी पिऊन लगेच झोपणं त्यांना सोसत नसण्याचीच शक्यता जास्त. दुपारच्या जेवणात घेऊन तीन तास बसते-उठते राहिले तर कदाचित काहीच होणार नाही. वहीत लिहून बघा, म्हणजे सासूबाईंशी वाद घालायची वेळ येणार नाही. तिखट, तळलेलं, चहा, याचंही तसंच. प्रत्येकाला सोसणारं नि न सोसणारं वेगळं. सरसकट सगळं बंद करून माणसाला पेजेवर ठेवायची गरज नाही. तंबाखूला मात्र सूट नाही. निकोटीनने कडं सैल पडतं, आणि बाकीचं नुकसान तुम्हाला ठाऊक आहेच. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण नंतर जठर आणखी ॲसिड सोडतं. खायच्या सोड्याने बीपीवाल्याच्या शरीरात नको तितकं सोडियम जातं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळेने. शेवटचं जेवण आणि झोप यांत निदान तीन तास हवेत. प्रयोगाच्या दिवशी मोठं जेवण दुपारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास हलकं खाणं, पहाटे घरी आल्यावर थोडी मऊ पेज किंवा केळं, आणि भरपेट जेवण झोप झाल्यावर. हे पाळता येण्यासारखं आहे, फक्त तुम्हाला पहाटेचं ताट बदलावं लागेल. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा चिऱ्याचे तुकडे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांवर उशा रचून उपयोग होत नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपायची सवय लावा. पट्टा बांधायचाच, पण खेळ संपला की आधी तो सोडायचा. आणि घसा खाकरावासा वाटला की घोटभर पाणी प्यायचं. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, मग आणखी खाकरावंसं वाटतं.

गोळ्यांचंही बघा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांपैकी काही असेल तर ती सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. बहुतेक लोक जेवणानंतर, जळजळ झाली की घेतात आणि ‘गोळीने काही होत नाही’ म्हणतात. यजमानांची सकाळ दुपारी उजाडते, तर त्यांच्यासाठी ती वेळ कोणती ते डॉक्टरांना विचारून ठरवा. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि ठरलेली मुदत संपली की वर्षानुवर्षं मनाने चालू ठेवायची नाही. छातीच्या जळजळीला या गोळ्या जेवढ्या लागू पडतात, तेवढ्या घशाच्या तक्रारीला पडत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. यावरून आठवलं, इतर वाचकांसाठी : भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. ती घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला चिकटते आणि तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी घास उतरताना कळ येते आणि माणूस म्हणतो, पित्त वाढलं. गोळी घ्या, पण पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास तरी बसून राहा.

राहिला जबरदस्तीचा प्रश्न. ‘जबरदस्ती करू की गप्प बसू’ असं तुम्ही विचारता, पण या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे. यजमान दुखण्याला घाबरत नाहीत, ते भूमिका जाण्याला घाबरतात. मग कॅन्सरचं नाव काढून त्यांना आणखी घाबरवलं तर ते दवाखान्यापासून आणखी लांब जातील. त्यापेक्षा त्यांच्या आवाजाबद्दल बोला. मागच्या हंगामात शेवटच्या प्रवेशापर्यंत तो कसा टिकायचा आणि आता कधी फाटतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसणार. त्यांनाच विचारा. आणि खरी शक्यता त्यांच्यासमोर ठेवा : स्वरतंतू नुसते सुजलेले निघाले तर जेवणाच्या वेळा, गोळ्या आणि मधे मिळतील तेवढे शांत दिवस यांवर हंगाम निभावून नेता येईल. गाठी निघाल्या तर त्या लहान असताना कळणं वैशाखात कळण्यापेक्षा बरं. दोन-चार प्रयोग सोडायला लागले तर कंपनीच्या मालकांशी काय बोलायचं, हे दोघांनी आधीच ठरवा. स्वतःच्या मनातली भीतीही त्यांना सांगा, पण ती तुमची भीती म्हणून, त्यांचा आजार म्हणून नव्हे.

जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि बीपीचे कागद बरोबर न्या. ‘आवाज बसतो’ एवढ्यावर थांबू नका. कार्तिकापासून बसतो, तंबाखू आहे, आडवं झालं की खोकला येतो, उशीवर आंबट पाणी येतं, हे चारही स्पष्ट सांगा. यजमान सांगायला लाजले तर तुम्ही सांगा. जत्रांच्या तारखा बघून येत्या दहा दिवसांतला एक दिवस धरा, आणि दुर्बिणीत काय दिसलं ते मला लिहा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत असली तर पुढचं अधिक नेमकं सांगता येईल.